दोन बाटल्या जास्त

आमच्या हिचे दादा, म्हणजे माझे मेहुणे, कोथरूडला राहतात. गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते दोन रात्री हॉटेलात राहून आले. हॉटेल कुठलं, तर बावधनचं. घरापासून अंतर सहा किलोमीटर. घरात भांडण नव्हतं, रंगकाम नव्हतं, झुरळांचं औषध मारलेलं नव्हतं. वहिनींनी तर डबासुद्धा भरून दिला होता. मेथीचं पिठलं आणि भाकरी.

कारण एकच. त्यांना ईमेल आला होता : ‘अभिनंदन! आपण गोल्डपासून फक्त दोन रात्री दूर आहात.’

मेहुणे नोकरीपायी नाशिक, इंदूर, संभाजीनगर फिरत असतात. बावधनचं हॉटेल ज्या साखळीचं, तिच्या सदस्य योजनेत वर्षभरात कंपनीच्या पैशाने तेवीस रात्री झाल्या होत्या. पंचविसाव्या रात्री माणूस सिल्व्हरचा गोल्ड होतो. एकतीस डिसेंबरला वर्ष संपतं आणि मीटर पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे तेवीस रात्रींची तपश्चर्या केवळ दोन रात्रींसाठी पाण्यात जाणार होती. उरलेल्या दोन रात्री कंपनी देईना, म्हणून मेहुण्यांनी पदरमोड केली.

काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड बघितलं, मग मेहुण्यांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे कुणी उभं आहे का तेही बघितलं. ‘‘सर, लोकल आयडी आहे.’’ ‘‘हो.’’ ‘‘एकटेच?’’ ‘‘हो.’’ छप्पन्न वर्षांचा, कपाळाला अष्टगंध लावलेला, हातात स्टीलचा डबा धरलेला गृहस्थ एकटाच राहणार म्हणतो, याचा संशय कसा घ्यावा हेच तिला कळेना. तिने रजिस्टर पुढे केलं. कुठून आलात : कोथरूड. कुठे जाणार : कोथरूड. येण्याचं कारण : इथे मेहुणे क्षणभर थांबले आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वैयक्तिक प्रगती.’

आता हिशेब. खोलीचं भाडं ९,२०० रुपये. साडेसात हजारांच्या वरची खोली, म्हणून १८ टक्के जीएसटी. दोन रात्रींचे झाले २१,७१२ रुपये. पॉइंट मिळतात ते मूळ भाड्यावर. कराच्या रकमेवर नाही, कारण करावर प्रेम करणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. शंभर रुपयांना पाच पॉइंट या दराने मिळाले ९२० पॉइंट. एका पॉइंटची किंमत पन्नास पैसे. म्हणजे ४६० रुपये. ‘‘पण पॉइंटांसाठी नाही हो केलं मी,’’ मेहुणे म्हणाले, ‘‘स्टेटससाठी केलं.’’

मग मी ते स्टेटस मागून घेतलं आणि वाचायला बसलो. गोल्ड सदस्यांस वरच्या दर्जाची खोली, आणि तारा. गोल्ड सदस्यांस दुपारी दोनपर्यंत खोली सोडण्याची मुभा, आणि तारा. सकाळी लवकर खोली, तारा. मजला आणि खिडकी यांची आवड सांगण्याची सोय, तारा. (आवड सांगायची सोय आहे. मिळण्याची आहे असं कुणी म्हटलेलं नाही.) पानाच्या तळाशी, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरात, त्या सगळ्या ताऱ्यांचा अर्थ दिला होता : ‘उपलब्धतेनुसार.’ अख्ख्या पानावर तारा नसलेली ओळ एकच. सिल्व्हर सदस्यांस खोलीत पाण्याच्या दोन बाटल्या. गोल्ड सदस्यांस चार.

म्हणजे मेहुण्यांनी नक्की काय विकत घेतलं? दोन बाटल्या पाणी. अर्ध्या लिटरच्या. मी सरळ भागाकार केला. बाजारात अर्धा लिटर पाणी दहा रुपयांना मिळतं, म्हणजे एका मुक्कामाला वीस रुपयांचा लाभ. एकवीस हजार सातशे बारामधून पॉइंटांचे चारशे साठ वजा केले आणि वीसने भागलं. रक्कम वसूल व्हायला लागतात १,०६३ मुक्काम. रोज नवी खोली घेतली तरी दोन वर्षं अकरा महिने. गोल्ड टिकतं एक वर्ष. आणि त्या प्रत्येक मुक्कामाचं भाडं वेगळं, हे मी मेहुण्यांना सांगितलं नाही. सणासुदीचे दिवस होते.

पण मला झोप लागेना. बाटली डोळ्यांसमोरून हलेना. सिल्व्हरला दोन आणि गोल्डला चार, तर प्लॅटिनमला किती? आठ? सोळा? बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हासारखं हे दुप्पट होत गेलं तर सर्वांत वरच्या सदस्याला खोलीत शिरायला जागा तरी उरेल का? आणि माणसाची तहान रात्रींच्या संख्येनुसार वाढते, हा शोध कुणाचा? चोवीस रात्री झालेला माणूस आणि पंचवीस रात्री झालेला माणूस एकाच लिफ्टमधून वर गेले, एकच मसालेदार कोल्हापुरी भाजी खाऊन झोपले, आणि रात्री दोन वाजता दोघांचेही घसे कोरडे पडले, तर एक जण तिसरी बाटली उघडणार आणि दुसरा नळाकडे बघत बसणार. त्या मुलाचं काय होत असेल, जो सकाळी ढकलगाडी घेऊन मजल्यावर बाटल्या ठेवत फिरतो? त्याच्या हातात यादी असते. तीनशे चारला दोन, तीनशे पाचला चार. चुकून सिल्व्हरला चार गेल्या तर त्याच्या पगारातून वीस रुपये कापतात, की सिल्व्हरवाल्याला दोन ओकायला लावतात? आणि तो स्वतः कितव्या पायरीवर आहे? त्याने त्या हॉटेलात पंचवीस नव्हे, हजारो रात्री काढल्या असतील. त्याला कुणी कधी लिहिलं का, की अभिनंदन, आपण बसून पाणी पिण्यापासून फक्त दोन मजले दूर आहात?

असो. पाहुण्याच्या पाण्याचंच बोलायचं तर, ब्रिटिश सरकारने १८६७ साली सराई कायदा केला. दुसऱ्या मुलखावर राज्य करायला आलेले लोक ते. पाहुणचारासाठी त्यांची ख्याती नाही. तरी त्यांनी लिहून ठेवलं, की सराईवाल्याने खोल्या, पडव्या, गटारं साफ ठेवावीत, आणि तिथे उतरणाऱ्या माणसांना व जनावरांना जिथून पाणी मिळतं ती विहीर, ते टाकंही साफ ठेवावं. जनावरांनासुद्धा! बैल सिल्व्हर आहे की गोल्ड, हे परक्या सरकारला विचारावंसं वाटलं नाही. आमच्याकडे तर कायद्याचीही गरज नव्हती. उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्या, मग ‘कुणाकडे आलात’ हा प्रश्न. नातं बिघडलं की आपण काय म्हणतो? ‘साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.’ मराठीत यापेक्षा मोठा ठपका नाही. त्या साध्या पाण्याला आता पायऱ्या लागल्या आहेत.

तरीही वाचकांना काही उपयोगाचं सांगणं हे या सदराचं कर्तव्य आहे. पॉइंट जास्तीत जास्त कसे मिळवावेत? एक, खोली हॉटेलकडूनच थेट घ्या. दुसऱ्या ॲपवर पाचशे रुपये स्वस्त मिळेल, पण तिथून घेतली तर बहुतेक ठिकाणी ना पॉइंट मिळतात, ना रात्र मोजली जाते. म्हणजे मेहुण्यांच्या खोलीच्या हिशेबाने रात्रीचे दोनशे तीस रुपयांचे पॉइंट गमावू नयेत म्हणून पाचशे रुपये गमवा. दोन, क्रेडिट कार्डाचे पॉइंट हॉटेलकडे वळवता येतात. पण एकदा गेले की परत येत नाहीत. या बाबतीत ते लग्न झालेल्या मुलीपेक्षाही कडक आहेत. मुलगी दिवाळसणाला तरी येते. तीन, पॉइंटांवर फुकट खोली घ्यायची असेल तर अशा दिवशी घ्या, जेव्हा त्या गावाला जायचं कुणालाच सुचत नाही. गणपती, दिवाळी, नाताळ, लागून आलेल्या सुट्ट्या या काळात फुकटाची खोली ‘उपलब्ध’ नसते. पैसे भरणाऱ्याला तीच खोली, त्याच मजल्यावर, त्याच क्षणी उपलब्ध असते. पूर्वी एका रात्रीला किती पॉइंट लागतात याचा तक्ता असायचा. आता बऱ्याच ठिकाणी तो गेला. गर्दी वाढली की भाड्यासोबत पॉइंटही चढतात, कोथिंबिरीसारखे. आणि चार, वर्षभरात एकदा तरी व्यवहार करा, कारण नुसते पडून राहिलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत मरतात.

हे मरण कुणाच्या पथ्यावर पडतं, ते ऐका. अमेरिकेत १९८१ साली मोठ्या विमान कंपन्यांनी प्रवासाच्या माइलांवर बक्षीस देण्याची शक्कल रुजवली आणि दोन वर्षांत तिथल्या हॉटेलांनी ती उचलली. तेव्हापासून जगभरचे हिशेबनीस या पॉइंटांशी झटत आहेत. तुम्हाला दिलेला पॉइंट हे हॉटेलच्या वहीत देणं असतं. पण गिऱ्हाइकांपैकी किती जण तो कधीच वापरणार नाहीत, याचाही अंदाज त्याच वहीत बांधलेला असतो. त्याला ते ‘ब्रेकेज’ म्हणतात आणि तेवढी रक्कम हळूहळू उत्पन्नात जमा होते. तुम्ही विसराल, यावर त्यांचा विश्वास असतो. या अख्ख्या प्रकारात निष्ठा म्हणावी असं काही असेल तर ते एवढंच.

विद्यार्थीदशेत मी पुण्यात ज्या खानावळीत जेवायचो, तिथे भिंतीवर पाटी होती : ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा.’ जेवायला येणार नाही असं सांगितलं की तेवढे पैसे महिन्याच्या बिलातून कमी व्हायचे. मालकीणबाई तोंडाने फटकळ होत्या, पोळी मोजून वाढायच्या, पण खाड्याचा हिशेब चोख. न खाल्लेलं जेवण गिऱ्हाइकाच्या बाजूला लागायचं. आता न वापरलेला पॉइंट मालकाच्या बाजूला लागतो, आणि त्यासोबत मला ‘प्रिय सदस्य’ अशी चिठ्ठी येते. मालकीणबाई मला ‘प्रिय’ कधीच म्हणाल्या नाहीत. ‘‘वरण संपलंय, ताक घे,’’ म्हणायच्या.

इथवर मी थट्टा करत होतो. आता करत नाही. गेल्या मे महिन्यात मी आईला घेऊन विदर्भातल्या एका शहरात लग्नाला गेलो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गाडी सकाळी पोचली, हॉटेलात शिरलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. खोली दोन वाजता मिळेल, म्हणाले. खोली रिकामी होती. किल्ली समोरच्या खणात दिसत होती. ‘‘लवकर खोली फक्त गोल्ड आणि वरच्यांना, सर.’’ आई सोफ्यावर बसून राहिली, पर्स मांडीवर घेऊन, परक्याच्या घरी बसावं तशी. तासाभराने तिने पाणी मागितलं. आणलं. बाटली होती आणि सोबत ऐंशी रुपयांचं बिल होतं. खोलीतल्या बाटल्या मोफत असतात, लॉबीतली नाही, असं त्या मुलाने खाली मान घालून सांगितलं. त्या पोराची चूक नाही. चूक त्याची आहे, ज्याने थंडगार खोलीत बसून तक्ता केला आणि तहानेसाठी त्यात रकाना आखला. त्याला मे महिन्यात भर दुपारी चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर उभं करावं, एक रिकामा तांब्या द्यावा आणि सांगावं, की अभिनंदन, आपण पाण्यापासून फक्त दोन रात्री दूर आहात. आई काही बोलली नाही. बाटली अर्धी झाल्यावर तिने ती समोर बसलेल्या एका अनोळखी ड्रायव्हरपुढे केली. ‘‘घ्या, वरून प्या,’’ म्हणाली.

जानेवारीत मेहुण्यांचं गोल्ड आलं. कार्ड नाही, ॲपमधला रंग बदलला. आठवड्याभरात दुसरा ईमेल आला : ‘आपल्यासाठी आमचा कार्यक्रम आम्ही अधिक समृद्ध करत आहोत.’ या क्षेत्रात समृद्ध या शब्दाचा अर्थ कमी करणे असा आहे, हे अनुभवी लोक जाणतात. पुढच्या वर्षी गोल्ड राखायला तीस रात्री लागणार होत्या. आणि पाण्याच्या ओळीपुढे आता तारा होता.

संक्रांतीला मेहुणे तिळगूळ घेऊन आमच्याकडे आले. तीन मजले चढून आले होते, लिफ्ट बंद होती. धापा टाकत खुर्चीत बसले आणि बहिणीला हाक मारली, ‘‘अगं, जरा पाणी दे गं.’’

आमची ही पोळ्या लाटत होती. तिने मान न वळवता स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, ‘‘उपलब्धतेनुसार!’’

मी मोठ्याने हसलो. आई हसत हसत तांब्या आणायला उठली. मेहुणे हसले नाहीत. त्यांचा हात सवयीने मोबाइलकडे गेला होता.