हापूसचे भागीदार

पनवेलजवळच्या नावड्याच्या टॉवरांत सध्या आमराईचे डोहाळे लागले आहेत. कोकणात गुंठे घ्या. कलमं आम्ही लावू, आम्हीच राखू, पेट्या घरपोच! शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे साऱ्यांना तोंडपाठ. कूळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे मात्र माहितीपत्रकात मावत नाही. सागवानाच्या गुंतवणूक योजनांचंही असंच झालं होतं. चेन्नईची 'अनुभव प्लांटेशन्स' १९९८ साली बुडाली, अशा योजनांसाठी सेबीचे नियम १९९९मध्ये आले. वरातीमागून घोडं, पण आलं हेही खूप.

शेतकरी असल्याचा पुरावा आहे तो टॉवरांच्या पायथ्याशी, सिडकोला भातशेती देऊन साडेबारा टक्क्यांचा भूखंड घेतलेल्या गावकऱ्यांकडे. त्यांना विचारलं, तुम्ही नाही घेत आमराई? म्हणाले, "मेंटेनन्स भरा आधी."