कार्डाची हजेरी

परळमध्ये माणसाची पत पूर्वी वाण्याच्या वहीत आणि खानावळीच्या हिशेबात कळायची. फारच नड लागली तर व्याजाने पैसे देणारा पठाण होताच. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना बँकेच्या दारात नेलं, तेव्हा त्यांच्याकडे तारण म्हणून एकमेकींच्या शब्दापलीकडे फारसं काही नव्हतं. शब्द पुरला.

आता शब्द चालत नाही, आकडा लागतो. 300 ते 900. तो काढणाऱ्या ट्रान्सयुनियन सिबिलचं कार्यालय कुठे असावं? सेनापती बापट मार्गावर, ज्युपिटर मिलच्या आवारातल्या टॉवरमध्ये, 19व्या मजल्यावर! जन्मात कधी कर्ज काढलं नाही, अशा गिरणी कामगाराने तिथे आपली पत विचारली, तर आकड्याच्या जागी 'नो हिस्टरी' असा शेरा मिळतो. ज्युपिटर मिलच्या जमिनीवर बसून गिरणगावकराला सांगायचं, की बाबा, तुला इतिहासच नाही. धाडस लागतं.

आमच्या इमारतीतल्या एका काकांचं दुखणं मात्र वेगळं. त्यांना इतिहास आहे, पण तो कपाटात आहे. मॉलमधल्या टेबलावर टाय लावलेल्या पोराने गळ्यात मारलेलं दीड लाख मर्यादेचं क्रेडिट कार्ड त्यांनी रेशनकार्ड आणि भाडेपावत्यांच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट जपून ठेवलंय. "एक पैसा वापरला नाही!" हे ते सत्यनारायणाला आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात. घरखर्च दुसऱ्या, पन्नास हजारांच्या कार्डावर. महिन्याला चाळीस हजार, तारखेच्या आत चुकते.

आता काकांचा हिशेब बघा. दोन्ही कार्डं मिळून मर्यादा दोन लाख, वापर चाळीस हजार, म्हणजे 20 टक्के. 30 टक्क्यांच्या आत असलं की कर्ज देणारे खूश. कपाटातलं कार्ड नुसतं पडून राहिल्याने गुण कापले जात नाहीत. उलट ते गुपचूप काकांची अब्रू राखत असतं. पण 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँकेने ग्राहकाला कळवून बंद करायला घ्यायचं, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही आणि थकबाकी नसेल, तर खातं मिटवायचं. गिरणीतल्या बदली कामगारासारखंच हे: गेटवर हजेरी लावली नाही की नाव कटलं. काकांचा मेसेज बँकेच्या रोजच्या चाळीस जाहिरातींत बुडाला. कार्ड गेलं, मर्यादा उरली पन्नास हजार, खर्च तोच, आणि वापर एका रात्रीत 80 टक्के! काकांनी जास्तीचा वडापावही खाल्ला नाही, तरी कागदावर ते कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले उधळे ठरले.

ज्यांच्या कपाटातल्या कार्डाला वार्षिक फी आहे, त्यांची तर आणखी मजा. फी आपोआप लागते, बिल कुणी उघडत नाही, त्यावर दंड आणि व्याज चढतं, आणि कधीही न वापरलेल्या कार्डाचे थकबाकीदार म्हणून नाव वर 19व्या मजल्यावर पोचतं. पठाण निदान आधी दार तरी ठोठावायचा.

उधारी न करणं हा आपल्याकडे गुण होता. आता तो संशयास्पद वागणुकीत मोडतो. तेव्हा वाचकहो, तत्त्वाला थोडी मुरड घाला. ठेवण्याजोगं कार्ड असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा बेस्टचं वीजबिल त्यावर भरा आणि तारखेच्या आत पूर्ण चुकतं करा. फी खाणारं, नकोसं कार्ड असेल तर ते कात्रीने कापून भागत नाही, खातं चालूच राहतं. थकबाकी फेडून बँकेकडे रीतसर बंद करायची मागणी करा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. हे पैसे मात्र सोडू नका.