चोचीतला घास

पाऊस लागला की कोकणात तिबोटी खंड्या येतो. आकार चिमणीएवढा आणि अंगावर जांभळा, निळा, नारिंगी, पिवळा अशी उधळण. त्याच्या मागोमाग मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. पक्षी येतो पिल्लं वाढवायला, गाड्या येतात त्याच्या घरट्याच्या तोंडाशी ट्रायपॉड लावायला.

ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ, त्यात अंडी, मग पिल्लं. नर आणि मादी दोघंही राबतात. पाली, सापसुरळ्या, बेडूक, कोळी, खेकडे, जे सापडेल ते आणून भरवायचं. दिवसभर ये-जा. या ये-जा करण्यावरच फोटोवाल्यांचा डोळा असतो, कारण पक्षी परत येणार हे नक्की. वणवण नको, अभ्यास नको, वाट पाहणं नको. आई-बाप पिल्लांना टाकून जाणार नाहीत, या खात्रीवर काढलेल्या फोटोत कौशल्य कसलं?

असा एखादा फोटो जरा जवळून बघा. शेवाळलेली सुबक काडी, मागे हिरवं धूसर रान, काडीवर खंड्या, चोचीत सापसुरळी. खाली 'अप्रतिम'च्या रांगा. आता सापसुरळीचं डोकं कुठे आहे ते पाहा. स्वतः गिळायचं असेल तर खंड्या भक्ष्याचं डोकं आपल्या घशाकडे फिरवून घेतो. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो घास दुसऱ्याचा असतो. विणीच्या सुरुवातीला मादीचा, पुढे पिल्लांचा. भरवताना तो डोक्याकडून पिल्लाच्या घशात जावा म्हणून तसा धरलेला. आणि ती सुबक काडी? बहुतेक वेळा ती तिथे उगवलेली नसते. कोणीतरी आदल्या दिवशी रोवलेली असते.

तो पोज देत नाहीये. दारात माणसं बसली आहेत म्हणून थांबलाय.

बिळात पिल्लं भुकेली, बाहेर सेकंदाला वीस फ्रेम.

'आम्ही काही मारत नाही, फक्त फोटो काढतो,' हे उत्तर तयार असतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून बघा. त्यात शिकारीची व्याख्या आहे आणि पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणं त्या व्याख्येत आहे. हातात बंदूक नाही म्हणून तुम्ही शिकारी नाही, असं कायदा कुठेही म्हणत नाही.

सालिम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग असलेली. ही कोणती, हे विचारायला 1908 साली ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) गेले आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. त्या काळी पक्षी नक्की ओळखायचा तर तो मेलेला हातात लागायचा. कॅमेऱ्याने ती गरज संपवली. कॅमेऱ्याचे हे उपकार फार मोठे आहेत. म्हणूनच तो घरट्यात खुपसलेला बघवत नाही.

5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. ठिकठिकाणी फोटोंची प्रदर्शनं भरतात आणि त्यात चोच वासून बसलेल्या पिल्लांचा फोटो असतोच. शाळेतली मुलं समोर उभी राहतात. काय शिकतात? घरटं दिसलं की जवळ जायचं असतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात याचा उपाय आहे. घरट्याजवळचा फोटो बाद, एवढा एकच नियम करायचा. काही स्पर्धांनी तो केलाही आहे. बाकीचे कोणाची वाट बघताहेत?

घरी तरी वेगळं काय चाललंय? बाल्कनीतल्या वेलीत बुलबुल घरटं करतो. घर आनंदतं, आनंदावंच. मग फोटोसाठी आड येणारी दोन पानं खुडली जातात. ती पानं त्या जोडीने निवडलेली असतात, त्यांच्याच आडोशाला घरटं विणलेलं असतं. पानं गेली की ऊन आत येतं, पाऊस आत येतो, कावळ्याची नजर आत येते. दोन दिवसांनी घरटं रिकामं. सोसायटीच्या ग्रुपवर हळहळ, 'निसर्ग क्रूर असतो.'

निसर्ग? कात्री कोणाच्या हातात होती?

दोन आठवडे अंडी, साधारण तेवढेच दिवस पिल्लं. एवढा काळ त्या बाजूचं दार बंद ठेवा. खोलीतला दिवा मालवा आणि पडद्याच्या फटीतून बघा. बुलबुल चोचीत अळी घेऊन येतो, आधी समोरच्या तारेवर थांबतो, इकडे तिकडे बघतो, मगच घरट्याकडे झेपावतो. हे बघायला मिळणं फोटोपेक्षा कमी आहे का?

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं ही आणखी एक वाईट खोड. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो चरणं सोडून भांडायला धावत येतो, शत्रू सापडत नाही, ओरडून ओरडून दमतो. तुमच्या दारात रोज सकाळी कोणीतरी 'हे घर माझं' म्हणून आरडाओरडा करून पळून गेलं, तर तुम्ही किती दिवस शांत जेवाल?

रानपिंगळ्याची गोष्ट आठवा. 1884 नंतर या छोट्या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती. नामशेष झाला, असंच लोक धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात आढळला, 2014 मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. 113 वर्षं जो सापडत नव्हता, त्याचं झाड आता मोबाइलच्या नकाशावर टाचणी लावून दाखवता येतं. दुर्मीळ पक्ष्याचा पत्ता वाटणं ही हौस नव्हे, बेजबाबदारी आहे.

प्रवासातली तऱ्हा तीच. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे हिवाळ्यात कुरव उडत असतात. वेफर्स हवेत फेकायचे, पक्षी झेपावला की क्लिक. तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या उंच पठारांवरून इथवर येतो. एवढं अंतर कापून आलेल्या पाहुण्याला आपण काय देतो? तेलकट, खारट वेफर. आणि रिकामी पिशवी त्याच्याच समुद्रात.

'पण आम्ही लांबूनच काढतो!' लांब म्हणजे किती, हे तुमची लेन्स ठरवत नाही. पक्षी ठरवतो. चरणारा पक्षी मान वर करून गोठला, की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबायचं आणि मागे यायचं.

आणि चांगला फोटो याच शिस्तीतून मिळतो. तळ्याकाठी सकाळच्या उन्हाला पाठ करून एका जागी बसा. हलू नका, बोलू नका, शर्ट भडक नको. हळूहळू पक्ष्यांची भीड चेपते. शेकाट्या लांब गुलाबी पाय टाकत, पाण्यात चोच मारत समोरून चालत येतो. त्याने स्वतः ठरवून कमी केलेलं ते अंतर फोटोत दिसतं.

उलट प्रकार बघायचा तर उजनीच्या फुगवट्यावर जा. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ. हिवाळ्यात धरणाचं पाणी ओसरू लागलं की उथळ जागी रोहित उतरतात. डोकं उलटं करून चिखलपाणी गाळत चरतात. नाव अंगावर येऊ लागली की आधी माना वर होतात. मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो. तरी नाव थांबली नाही तर पाण्यावर धावत पंख उघडतात, कारण एवढ्या मोठ्या देहाला उडण्याआधी धाव घ्यावीच लागते. पंखांखालचा गुलाबी-काळा रंग एकदम उघडतो. तो 'फ्लाइट शॉट' हवा म्हणून नावाड्याला 'अजून पुढे घे' सांगणारे लोक नावेत असतात. ते परतले की दुसरी नाव निघते. रविवारी त्या थव्याने चरायचं कधी?

नावाडी मूळचे मच्छीमार. पाणीही जाणतात, पक्षीही. कुठे थांबायला हवं, हे त्यांना गिऱ्हाइकापेक्षा जास्त कळतं. पण गिऱ्हाईक नाराज झालं तर पुढचा रविवार बुडतो, हेही त्यांना कळतं. म्हणून 'इथून पुढे नाही, दादा' म्हणणारा नावाडी भेटला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्या. आणि ते कशाचे, हे बाकीच्या नावाड्यांना ऐकू जाईल असं सांगा.