लिंकखाली चार ओळी लिहा

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना डिजिटल साहित्याचा तुटवडा उरलेला नाही. आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, त्याच्या ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात, स्वाध्यायांच्या पीडीएफ येतात, ऑनलाइन चाचण्यांच्या लिंक येतात. २०१७ पासून 'दीक्षा' हे डिजिटल शिक्षणाचं सरकारी व्यासपीठ आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. तुटवडा आहे तो एका साध्या माहितीचा. हे कुणी वर्गात वापरलं का? आणि मुलांना त्यातून काय कळलं?

अपूर्णांकांचा पाठ घ्या. व्हिडिओत भाकरीचे चार तुकडे होतात, मग आठ होतात. मुलं खूश. मग विचारा, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? बरीच मुलं ठामपणे अष्टमांश म्हणतील, कारण चारापेक्षा आठ मोठे. ही चूक गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. एखाद्या बाई तिथेच व्हिडिओ थांबवतात, मुलांना कागदाच्या सारख्या पट्ट्या देतात, दुमडायला लावतात आणि घड्या वाढल्या की तुकडा लहान होतो हे मुलांकडूनच वदवून घेतात. त्या बाईंना जे कळलंय ते त्या व्हिडिओपेक्षा मोलाचं आहे. पण ग्रुपवर फिरतो तो व्हिडिओ. पट्ट्यांची युक्ती त्या एका वर्गातच राहते.

हे नुकसान थांबवायला नवं ॲप लागत नाही, निधी लागत नाही. लिंकखाली चार ओळी लागतात: इयत्ता कोणती, मुलं किती, ती कुठे अडली, पुढच्या वेळी मी काय बदलेन. पाठ फसला असेल तर तेही लिहावं. शेजारच्या शाळेतल्या गुरुजींचे दोन तास त्याने वाचतील.

हे करणारी माणसं आपल्याकडे मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी भोवतालच्या वस्तूंतून शैक्षणिक साधनं घडवली. काय केलं, मुलांनी ते कसं घेतलं, हे लिहूनही ठेवलं. म्हणून ते काम कोसबाडच्या टेकडीवरून खाली उतरलं आणि दूरच्या बालवाड्यांना उचलता आलं. साधन पाहून नक्कल करता येते. ते कसं वापरायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट नावाची. एका शिक्षिकेने रात्री जागून, स्वतःचा डेटा खर्चून चाचणी तयार करायची आणि तिसऱ्या ग्रुपवर पोहोचेपर्यंत तिचं नाव पुसून भलत्याचंच नाव यायचं, ही चोरी आहे. आपल्याच पेशातली आहे म्हणून तिला दुसरं काही म्हणू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून जगभर वापरात आहेत. त्यांतला सगळ्यात मोकळा परवानाही एक अट घालतोच: वापरा, बदला, वाटा, पण मूळ कर्त्याचं नाव ठेवा. वर्गात मुलांना कॉपी करू नका म्हणून बजावणाऱ्यांना ही अट जड जाऊ नये.

इतरांच्या कामाची कदर कशी करावी, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपण क्यूआर कोडचं कौतुक भरपूर केलं. त्या वाटून देण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं होतं. आपल्यासोबत इतरांचंही काम पुढे जावं, ही वृत्ती कुठल्याही कोडपेक्षा दुर्मीळ आहे.

आता शासनाकडे वळू. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. अपेक्षा रास्त आहे. पण वरून विचारणा होते ती प्रमाणपत्रांची: तालुक्यात किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जण बाकी, आजच्या आज कळवा. मग व्हिडिओ एकीकडे चालू राहतो आणि शिक्षक दुसरीकडे मतदार यादीचं, पोषण आहाराचं, ऑनलाइन माहिती भरण्याचं काम करतो. तास भरतात, टक्केवारी भरते. वर्गात काय बदललं, हे कुणी विचारत नाही. शिक्षकाचा वेळ असा खाऊन वर त्याच्यावरच निरुत्साहाचा शिक्का मारणं अन्याय आहे.

अनुभव असे एकेका वर्गातच अडकून राहण्याची सर्वात जास्त झळ द्विशिक्षकी शाळांना बसते. मोठ्या शाळेत मधल्या सुट्टीत चार सहकारी भेटतात, अडलेलं विचारता येतं. डोंगरातल्या शाळेत दोघांनी मिळून चार वर्ग सांभाळायचे. त्यातला एक बैठकीला गेला की दुसरा एकटा. अशा शिक्षकाला पन्नास लिंक पाठवून काही मिळत नाही. बहुवर्ग अध्यापनात एका मोबाइलवर दोन इयत्ता कशा गुंतवल्या, हे दुसऱ्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेतल्या माणसाने सांगितलं, तर त्याचा उद्याचा दिवस सुधारतो.

त्यासाठी जागा आधीच आहे. केंद्रांच्या शिक्षण परिषदा होतात. परिपत्रकं ग्रुपवर वाचता येतात. ती तिथे मोठ्याने वाचून दाखवण्यात वेळ दवडू नये. दर परिषदेत एक तास दोन शिक्षकांना द्या. त्यांनी एक साधन दाखवावं आणि मुलांच्या वह्याही सोबत आणाव्यात, चुकलेल्या उत्तरांसकट. तो तास धोरणातल्या पन्नास तासांत धरा आणि त्यांची टिपणं नावासह जपून ठेवा. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर पुढच्याच परिषदेत हे सुरू करता येईल. मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.