घरी होते जी!

कोणतीही वस्तू काकाजींसमोर ठेवा. ते आधी तिची किंमत विचारतात, मग तिला उलटीपालटी करून बघतात आणि शेवटी म्हणतात, ‘‘हे तं घरी होते जी.’’

आमच्या चिखला गावात असे काकाजी एकटेच आहेत असं नाही. ही जमात तुमसरला आहे, भंडाऱ्याला आहे, पुण्यात तर पेठापेठांतून आहे. पण आमच्या काकाजींना खाणीचं पाणी लागलेलं आहे. इथली मँगनीजची खाण शंभराहून जास्त वर्षांची, आणि काकाजींची सगळी नोकरी तिच्या प्रयोगशाळेत गेली. खनिजाचा भाव त्यात मँगनीज किती टक्के यावर ठरतो. त्यामुळे काकाजी लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी नमुना घेतात, मग जेवतात. रिटायर झाल्यावर नमुने यायचे थांबले आणि सगळी शास्त्रीय दृष्टी घराकडे वळली. साबण झाला, दंतमंजन झालं. टोमॅटो सॉसही झाला. त्याच्या बाटल्या एका रात्री फडताळात ओळीनं फुटल्या, तेव्हा खाणीतल्या ब्लास्टिंगची वेळ बदलली असं शेजाऱ्यांना वाटलं होतं.

मे महिन्यात पुण्याहून नातू आला. बोलता बोलता तो म्हणाला की तिकडे त्यानं तिरामिसू खाल्लं.

‘‘केवढ्याले?’’

‘‘अडीचशे, आबाजी.’’

‘‘परातभर?’’

नातवानं तळहाताची वाटी करून दाखवली. काकाजी उठून उभे राहिले. इतकं सरळ उभं त्यांना आम्ही फक्त पंधरा ऑगस्टला पाहिलं आहे.

दोन दिवस ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले आणि तिसऱ्या दिवशी पारावर व्याख्यान झालं. इटलीत त्रेविझो नावाचं शहर आहे. तिथं कांपेओल कुटुंबाचं ‘ले बेकेरिए’ नावाचं हॉटेल होतं. मालकीणबाई आल्बा आणि मिठाईचे कारागीर रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांनी हा पदार्थ बसवला आणि 1972 साली तो हॉटेलच्या यादीत आला. बाळंतपणानंतर अंगात ताकद यावी म्हणून आल्बाबाईंना जे खायला मिळालं, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. काकू मागे तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे डिंकाचा लाडूच की.’’ काकाजींनी हा शेरा इतिहासात धरला नाही.

पारावरच्या एकानं ऐकलं होतं की त्यात दारू घालतात. मग आपल्याकडे मोहाची आहेच, असं त्यानं सुचवलं. काकाजी कडाडले. मूळच्या पाककृतीत दारू नाही, लेकरंसुद्धा खायची, ती नंतरच्या लोकांनी घातली. शिवाय मोहाची ही एकच चीज अशी आहे की घरी होते, पण केली तर एक्साइजवाले घरी येतात.

आता साहित्य. मास्कारपोने नावाचं चीज नागपुरात मिळतं. काकाजी नागपूरला गेले, किंमत बघितली आणि डबा परत ठेवून आले. तिथून येताना थर्मामीटर मात्र आणलं. मास्कारपोने म्हणजे दुसरंतिसरं काही नसून मलई. ती पंच्याऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवायची, लिंबाचा रस घालायचा, घट्ट होऊ लागली की थंड करून फडक्यात बांधायची आणि रात्रभर निथळू द्यायची. साय काकूंनी आठवडाभर साठवली. तापवताना ढवळलीही काकूंनी, कारण काकाजींना पारा बघायचा होता.

‘‘हा चक्काच होय ना जी?’’

‘‘चक्का दह्याचा, वो. त्याले विरजण लागते. याच्यात विरजण नाही, आम्ल आहे. प्रक्रिया येगळी.’’

वेगळ्या प्रक्रियेचं ते गाठोडं चक्क्याच्याच खुंटीला टांगलं. रात्री उकाड्यात ते आंबू नये म्हणून काकू दर दोन तासांनी उठून कूलरमध्ये पाणी ओतत होत्या.

बिस्किटांचा प्रश्न त्याहून अवघड. ही बोटासारखी लांब, हलकी बिस्किटं असतात. अंड्यातला पांढरा आणि पिवळा भाग वेगवेगळा फेटायचा, साखर-मैदा अलगद मिसळायचा आणि भट्टीत भाजायचं. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. म्हणून छपरीत शेगडी मांडली. भट्टी म्हणजे कुकर, शिटी आणि रबर काढलेला, तळाशी बावनथडीची वाळू. ती वाळू चाळून, धुऊन, वाळवून कोणी दिली हे निराळं सांगायला नको. फेटायचं काम सुनेकडे आलं. ती चार दिवस माहेरपणाला निघाली होती, तिचं जाणं एक दिवस पुढे गेलं. काकाजी मनगटावरचं घड्याळ बघत ‘‘अजून, अजून’’ म्हणत होते. कच्चं अंडं आणि भंडाऱ्याचा उन्हाळा यांची गाठ नको, म्हणून मलईत मिसळायचा पिवळा बलक साखरेबरोबर गरम पाण्यावर धरून फेटायचा, हे मात्र त्यांनी शोधून काढलं होतं आणि ते बरोबर होतं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

कॉफीसाठी दाट काढा हवा. चिखल्यात आपण चहाची माणसं. काकाजींनी भंडाऱ्याहून पितळी फिल्टर आणला, कारण पितळेचं गाव हाकेवर असताना स्टीलचा कशाला.

मग थर. इथं त्यांच्यातला खाणीतला माणूस जागा झाला. आमच्या खाणीत आतलं खनिज काढलं की त्या पोकळीत वाळू भरतात आणि त्या भरावावर उभं राहून वरचं काढतात. ‘‘खालचा भराव पक्का झाल्याबिगर वर जाचं नाही,’’ असं म्हणत त्यांनी बिस्किटं कॉफीत बुडवली. बाहेरची बिस्किटं बुडवून लगेच काढावी लागतात, नाहीतर त्यांचा लगदा होतो. कुकरातल्या बिस्किटांना ती घाई नव्हती. ती भिजेनात. काकाजींनी एक दाताखाली धरून बघितलं आणि ‘‘हाय ग्रेड आहे’’ एवढंच म्हणाले. त्यावर मलईचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा मलई, वरून चहाच्या गाळणीतून कोको. ती काळी भुकटी बघून शेजारचं पोरगं म्हणालं, ‘‘काकाजी, खाणीतून आनली का?’’

हे सगळं फ्रिजमध्ये ठेवलं आणि लाईन गेली.

संध्याकाळी आली तोवर वरचा थर एका बाजूला सरकला होता. तरी वाट्या भरल्या, आळी बोलावली. खरं सांगायचं तर चव वाईट नव्हती. मलई तर फारच छान झाली होती. बिस्किटापाशी बोलणं थांबायचं, कारण सगळ्यांचे दात कामात असायचे. नातू भला आहे. ‘‘तिकडच्यापेक्षा भारी, आबाजी,’’ म्हणाला आणि वरची मलई खाऊन वाटी बहिणीकडे सरकवली.

काकाजींनी वही उघडली. साय घरची. लिंबू झाडाचं. साखर डब्यातली. फिल्टर, थर्मामीटर, नागपूरचं तिकीट हे भांडवल, ते वाटीवर पडत नाही. गॅस तर असाही जळतोच. उरले कोको, कॉफी, मैदा आणि अंडी. वाटीला अडतीस रुपये.

‘‘अडीचशे कुठी आन् अडतीस कुठी! मी म्हटलं होतं का नाही, घरी होते?’’

‘‘माझ्या जागरणाचे किती लावले?’’ काकूंनी विचारलं.

‘‘त्याचे कायचे पैसे? ते तं घरचंच आहे.’’

काकूंनी मोरीकडे बोट दाखवलं. तिथं कुकर, परात, पितळी फिल्टर, साय जळलेलं पातेलं आणि आळीभरच्या वाट्या यांचा ढीग होता. ‘‘मंग हे बी घरचंच आहे. घासा.’’

सगळी आळी बघत होती. काकाजी उठले, बाह्या सरसावून मोरीत गेले. थोडा वेळ भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला आणि आतून हाक आली, ‘‘अवो, आपल्या घरी घासणी कुठी राहते?’’