अर्ध्या हळकुंडात चॅटबॉट

साहित्य: एक लॅपटॉप, एक क्रेडिट कार्ड, एक हौशी दीर आणि "हे काय नवीन?" असं न विचारणारं सासर. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, तिच्यावाचून भागवा.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. सासरी मार्केट यार्डात हळदीची अडत. मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, एवढ्याच भांडवलावर एका संध्याकाळी भावजी म्हणाले, "वहिनी, आपल्या दुकानाला तो बोलणारा कायतरी करून द्या की. रात्री अकराला लोक मेसेज टाकतात, उत्तरं कोण देत बसणार?" नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, चॅटबॉटचं पेव फुटलं आणि तेव्हापासून घरोघरी असा एक भावजी उगवतो आहे. तुमच्याकडचा अजून उगवला नसेल, तर हे वाचून ठेवा. 'पेव' हा शब्दही ध्यानात राहू द्या, पुढे लागणार आहे.

पायरी पहिली: नाव ठेवा. नावं लोक नंतर ठेवतीलच, पण सुरुवात आपण करावी. आम्ही 'दिवाणजी' ठेवलं, कारण दुकानात चाळीस वर्षं गादीवर बसलेले खरे दिवाणजी आहेत आणि त्यांचा मान राखावा असं भावजींना वाटलं. खऱ्या दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पगारबी त्यालाच का?"

पायरी दुसरी: यंत्र भाड्याने घ्या किंवा घरी पोसा. घरी पोसायचं तर हिशेब सोपा आहे. सातशे कोटी आकड्यांचं मॉडेल, म्हणजे या धंद्यातलं लहान मूल, पूर्ण अंगाने ठेवलं तर सुमारे १४ जीबी जागा खातं; चेपून चेपून एकेका आकड्याला ४ बिट दिले की साडेतीन-चार जीबीत मावतं. आमच्या लॅपटॉपवर ते मावलं. एका ओळीच्या उत्तराला चहा होऊन निवायचा, आणि लॅपटॉपच्या पाठीवर सासूबाईंनी सांडगे वाळत घालायची तयारी दाखवली. मग भाड्याने घेतलं. भाड्याच्या मॉडेलला एक किल्ली मिळते. ती तिजोरीच्या किल्लीसारखी कनवटीला ठेवायची, प्रोग्रामच्या आत लिहून जगाला दाखवायची नाही. एवढं सांगून पुढे जाते, कारण हे सगळेच सांगतात आणि कुणीच ऐकत नाही.

पायरी तिसरी: ते काय करतं हे समजून घ्या. भाषेचं मॉडेल आधीचे शब्द बघतं आणि पुढचा कोणता येईल याचा अंदाज बांधतं. 'हळद लागली' म्हटलं की तुम्हाला पुढे मांडव दिसतो आणि अडत्याला 'किती दराने?' असं ऐकू येतं. दोघांनीही आपापल्या ऐकीव अनुभवावरून शब्द पुढे ओढला. यंत्राने वाचलेलं अफाट आहे, पण काम हेच. आता हे नीट समजलं नाही तर काय होतं ते सांगते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "आज सांगलीत राजापुरी हळदीचा दर काय?" दिवाणजी तात्काळ बोलले. क्विंटलचा दर सांगितला, वर सुटे पैसेही सांगितले, आणि येत्या आठवड्यात तेजी टिकण्याची शक्यता वर्तवली. भावजी खूश. गोरे होते, पिवळे झाले. खऱ्या दिवाणजींनी पानाला चुना लावता लावता एवढंच म्हटलं, "आज रविवार हाय." सौदे निघालेच नव्हते.

सुट्या पैशांवर भुलू नका. आकडा जितका नेमका तितका तो खरा वाटतो, आणि यंत्राला नेमका आकडा लिहायला गोल आकड्याइतकेच कष्ट पडतात.

पायरी चौथी: सूत्रधार नेमा. संभाषण सुरू होण्याआधी यंत्राला जो गुपचूप मजकूर दिला जातो, त्याला इंजिनिअर लोक सिस्टिम प्रॉम्प्ट म्हणतात. सांगलीकरांनी बिचकायचं कारण नाही, हा धंदा आपल्याकडे १८४३ पासून चालू आहे. त्या साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' रंगवलं, तेव्हा पात्रांना पाठ केलेले संवाद नव्हतेच. सूत्रधार पदं म्हणून प्रसंग उभा करायचा. पुढे राम, रावण, जनक ज्याचं त्याने वेळेवर सुचेल तसं बोलायचं. भूमिका आणि प्रसंग आखून दिलेला, शब्द मात्र जागच्या जागी जुळवलेले. चॅटबॉट नेमका असाच बोलतो. भाव्यांच्या रंगभूमीवर राक्षस 'अललडुर्र' करत घुसायचे. आपल्या यंत्रात 'टेम्परेचर' नावाची एक चावी असते, ती फार वर नेली की तोच राक्षस येतो. शून्याजवळ नेली तर जनकराजा दर वेळी जवळपास तेच वाक्य म्हणतो. हळदीच्या दुकानाला जनक बरा.

माझा पहिला सूत्रधार असा होता: "तू सांगलीच्या हळद अडत दुकानाचा दिवाणजी आहेस. नम्रपणे बोल." त्याने दर ठोकून दिला, नम्रपणे. मग मी वाढवलं: "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण." पुढचे दोन दिवस तो फक्त तेवढंच म्हणत होता. दुकान कुठे आहे? माहीत नाही. तुमचं नाव काय? माहीत नाही. भावजी म्हणाले, "वहिनी, हे आमच्या लहानग्या नोकरासारखं झालं. ओरडलं की गप बसतंय." तिसऱ्या खेपेला लिहिलं की दर कधीच सांगायचा नाही, फोन नंबर द्यायचा, आणि बाकीचं खाली दिलेल्या वहीत पाहून सांगायचं. वही पुढे येते आहे.

पायरी पाचवी, भाषेची. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं, त्यांचे वेगळे पैसे. म्हणजे 'सातारा' १८ बाइट आणि 'सांगली'सुद्धा १८ बाइट. मी तीनदा मोजलं. माहेर-सासरचा एवढा चोख न्याय आमच्या घरात आजवर झालेला नाही. भाड्याची मॉडेलं शब्दांचे तुकडे मोजून पैसे घेतात, आणि मराठीचे तुकडे बहुतेक ठिकाणी इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. त्यामुळे आपला माणूस "रामराम, काय चाललंय, पोरं बरी हायत का" एवढं म्हणेपर्यंत मीटर बराच पुढे गेलेला असतो.

दुसरी खोड हिंदीची. मॉडेलच्या वाचनात हिंदी मजकूर आपल्यापेक्षा पुष्कळ, म्हणून ते दमलं की तिकडे झुकतं. हळदीची हल्दी होते, ळ चा ल होतो. आमचा दिवाणजी प्रत्येकाला "मी आपली काय मदत करू शकतो?" असं विचारायचा. वाक्य मराठी शब्दांचं, पण यार्डात ते कुणी म्हणत नाही. तिथे म्हणतात, "बोला." मी सूत्रधाराला सांगितलं, सुरुवात फक्त 'बोला' म्हणून कर. या एका दुरुस्तीने जेवढं काम झालं तेवढं उरलेल्या सगळ्या कारागिरीने झालं नाही.

पायरी सहावी: वही भरा. खरं काम इथे आहे, म्हणूनच सगळे ही पायरी गाळतात. मॉडेल जन्मजात जे जाणतं ते दुसऱ्या कुणीतरी कुठेतरी लिहिलेलं. तुमच्या दुकानाचं कुणी लिहिलेलंच नाही. तेव्हा आपण टिपणं लिहायची, त्यांचे लहान लहान तुकडे करायचे, आणि प्रश्न आला की प्रोग्रामने त्याच्याशी जुळणारे दोन-तीन तुकडे शोधून यंत्राच्या पुढ्यात ठेवायचे. उघडं पुस्तक ठेवून दिलेली परीक्षा. तरी काही मुलं नापास होतात.

टिपणं नसताना मी विचारलं होतं, "पेव म्हणजे काय?" दिवाणजी म्हणाले, "पेय म्हणजे पिण्याचा पदार्थ." मी पुन्हा व ठसवून लिहिला. मग त्याने धान्य साठवण्याची जागा असं बरोबर सांगितलं, आणि भरात येऊन हळदीचं पेव उघडण्याची कृतीही दिली: झाकण काढा, आत उतरा, माल बाहेर काढा. हे वाचून खरे दिवाणजी पहिल्यांदा उठून उभे राहिले.

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत अरुंद तोंडाची खोल पेवं करून हळद साठवायची रीत होती. २००५ च्या पुराने त्यातली पुष्कळ बुडवली. बंद पेवात श्वास घेण्याजोगी हवा उरत नाही. तोंड मोकळं करून बराच वेळ जाऊ दिल्याशिवाय माणूस उतरत नाही, हे यार्डातल्या पोरासोरांना ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच कुणी लिहून ठेवलेलं नाही. खरे दिवाणजी त्या दिवशी दोन तास बोलले, मी टाइप करत होते. जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंड, कणी. पॉलिश कुठवर करायचं. ओल हाताला कशी कळते. मध्येच थांबून म्हणाले, "ही शेवटची हातानं कळती. ती लिवू नका, उगंच चुकंल."

माहेरची म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारला: कुंडल कोणत्या जिल्ह्यात? उत्तर: सातारा. भावजी खवळले, कुंडल सांगलीचं आहे म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण यंत्रही उगाच बोललं नव्हतं. १९४२ च्या चळवळीतून या भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा त्यातला बहुतेक मुलूख सातारा जिल्हाच होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. प्रतिसरकारवरचा मजकूर साताऱ्याच्या नावाने भरलेला, यंत्र तेच वाचून बसलेलं. मी ही चूक दुरुस्त केली, पण जरा रेंगाळत.

पायरी सातवी: डेमो. डेमो म्हणजे कांदेपोहे. कोणते प्रश्न विचारायचे ते आधीच ठरलेलं असतं, गाणं तेवढं एकच बसवलेलं असतं. आम्ही पाच प्रश्न बसवले. गादीवर शेजारचे अडते, दोन खरेदीदार, दारात हमाल. नेट भावजींच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. पहिल्या प्रश्नाला दिवाणजी झकास बोलले: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर भावजींना फोन आला. ते बोलत बोलत गोदामाकडे निघून गेले, हॉटस्पॉट खिशात घेऊन. पडद्यावर "सांगलीची हळद ही" एवढंच राहिलं. लोक वाट बघत राहिले. एक हमाल म्हणाला, "इचार करतंय."

तेव्हा हॉटस्पॉट कुणाचा असावा? ज्याला कुणी फोन करत नाही त्याचा. आमच्या घरी तो माझा निघाला.

लोक पांगल्यावर मामंजी आले आणि "जरा बाहेर थांबता का" म्हणाले. मला नवल वाटलं नाही. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा पहिलावहिला गप्पिष्ट प्रोग्राम केला, बोलणाऱ्याचंच वाक्य उलटून प्रश्न म्हणून परत टाकणारा; तर त्यांच्या सेक्रेटरीनेही त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. आणि तिने तो प्रोग्राम तयार होताना पाहिलेला होता. मामंजींनी काय विचारलं ते नोंदवहीत दिसतं. मी उघडून पाहिलं नाही. तुम्हीही पाहू नका. पण नोंदी साठतात हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं.

पायरी आठवी: चालू ठेवा. महिन्याच्या खर्चाला मर्यादा घाला, आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी आठवड्याला वाचा. आमच्याकडे रात्रीचे बहुतेक प्रश्न 'दुकान किती वाजता उघडतं' एवढेच येतात, ज्याला एक पाटी पुरली असती. हे मी भावजींना अजून बोललेले नाही.

मागच्या आठवड्यात मात्र पावणेअकराला एक निराळी नोंद होती. कुणाच्या तरी घरात दुकानाचा नंबर पोरांच्या हाती लागला असावा. प्रश्न होता: "माझी आई निबंध दहा ओळी." दिवाणजी म्हणाले, "बोला." पोराने पुन्हा तेच लिहिलं. मग दिवाणजींनी निबंध दिला. माझी आई सचोटीने वागते. ती पहाटे उठते आणि प्रतवारी पाहूनच भाजी घेते. तिच्या प्रेमात भेसळ नाही. असं करत नऊ ओळी झाल्या, आणि दहावी होती: नक्की माहितीसाठी प्रत्यक्ष दुकानात येऊन माल पाहावा.