भावजी, १०५० पैकी

आमचे भावजी मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि बर्मिंगहॅमजवळ एनएचएसचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे, फॅमिली डॉक्टर, म्हणजे जीपी, म्हणून स्थिरावले. हुशार माणूस, पण बोर्डाच्या गुणवत्ता यादीतलं नाव थोडक्यात हुकलं होतं, ते शल्य मनातून जाईना. एप्रिल २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने जीपींशी नवा करार केला: १४६ निकष, १०५० गुण आणि गुणांमागे पैसे. बाकीचे डॉक्टर कुरकुरले. भावजींना मात्र वाटलं, बोर्डाने खास आपल्यासाठी फेरपरीक्षा ठेवली.

तेव्हापासून त्यांना माणसं दिसेनाशी झाली, गुण दिसू लागले. रक्तदाब १५०/९० च्या वर जाऊन चालत नसे. कुणाचा १५२ भरला की भावजी त्याला खुर्चीत बसवून हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचे. इंग्लंडात पावसाच्या गप्पांनी रक्तदाब उतरतो, क्रिकेटच्या गप्पांनी चढतो, हा त्यांचा अनुभव. पाच मिनिटांनी १४८ आला की पेशंटपेक्षा त्यांनाच बरं वाटायचं.

२००६ मध्ये अभ्यासक्रम वाढला. मधुमेह आणि हृदयविकाराच्या पेशंटांना मनःस्थितीबद्दल दोन प्रश्न विचारायचे ठरले. एक मधुमेही पंजाबी आजोबा पणतू झाल्याची बर्फी घेऊन आले. भावजींनी तुकडा तोंडात टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "गेल्या महिन्यात उदास, हताश वाटलं? कशात मन लागेनासं झालंय?"

आजोबा म्हणाले, "आत्तापर्यंत तर नव्हतं, डॉक्टरसाब."

तपासणीला तीनदा बोलावूनही जो फिरकत नाही, त्याला हिशेबातून वगळायची सोय होती. ही सोय भावजींनी घरीही लागू केली. ताईने तीनदा हाक मारली तरी मी जेवायला उठलो नाही, तेव्हा आतून आवाज आला, "वगळ त्याला. टक्केवारी बिघडते."

सगळ्यात मोठी गंमत ४८ तासांची. डॉक्टर दोन दिवसांत भेटलाच पाहिजे, असं तेव्हा सरकारचं फर्मान होतं. मग पुष्कळ दवाखान्यांनी त्यापुढच्या वेळा देणंच बंद केलं. हवी असेल वेळ, तर सकाळी फोन लावून बसा! २००५ च्या निवडणुकीआधी एका बाईंनी टीव्हीवरच्या कार्यक्रमात टोनी ब्लेअरना हे सुनावलं. पंतप्रधान चकित झाले. भावजी सोफ्यावर रेलून म्हणाले, "पेपर काढणाऱ्याला काय कळणार पेपर कसा सोडवतात ते!"

पण दर मंगळवारी त्यांचं गणित चुकायचं. एक आजीबाई यायच्या. आजार म्हणाल तर काही नाही. नवरा गेला आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. भेट दहा मिनिटांची असावी, यालाही करारात गुण होते. आजींच्या पाऊण तासाला कुठलाच रकाना नव्हता. त्या गेल्या की भावजी रिसेप्शनवर येऊन भडकायचे, "यांना वेळ दिली कुणी?" रिसेप्शनची मुलगी निमूटपणे वही पुढे करायची. अक्षर भावजींचंच असायचं. पुढच्या मंगळवारची नोंदही त्यांनीच करून ठेवलेली असायची. तीही ४८ तासांचा नियम धाब्यावर बसवून.

२०१६ मध्ये स्कॉटलंडने ही गुणांची पद्धत मोडीत काढली. बातमी वाचून भावजी सुतकात गेल्यासारखे बसून राहिले. चहा निवला. शेवटी म्हणाले, "मग तिकडचे डॉक्टर पेशंट तपासतात तरी कशासाठी?"

"आजारी असतात म्हणून," ताई म्हणाली.

भावजींनी क्षणभर विचार केला.

"त्याला गुण किती?"